इवायांची फौजी खरेदी

बूट, बॅटरी, पट्टा आणि पाठीवरची पिशवी ह्या जिनसा आमच्या इवायांइतक्या अकलेनं घेणारा माणूस परभणी जिल्ह्यात झाला नाही, आणि पुढं होईल असं मला वाटत नाही. हे मी कुणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. मी स्वतः त्यांच्यासोबत बाजार हिंडलो आहे, उन्हात उभा राहिलो आहे, दुकानदारांची बोलणी त्यांच्या वाट्याची मी खाल्ली आहेत. इवाई म्हणजे माझ्या थोरल्या लेकीचे सासरे. ते ताडकळसकडचे, मी पोखर्णीचा. दोघांचीही घरं मुळात मेंढरांचीच, पण माझ्या बापानं मेंढरं विकून जमीन धरली आणि त्यांच्या बापानं मेंढरंच धरून ठेवली. सत्तरी कधीच ओलांडलेली, उंच आणि वाळलेला देह, डोक्याला पांढरा पटका, अंगात बंडी, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. आणि खाली बघावं तर मातकट रंगाची सहा खिशांची पँट आणि नडगीपर्यंत बांधलेले फौजी बूट. कमरेच्या वर मेंढरांचा माणूस आणि कमरेच्या खाली सरहद्दीवरचा जवान. अनोळखी माणूस त्यांना बघून एकदा थांबायचाच. इवायांना वाटायचं, तो बूट बघायलाय. मग ते पाय थोडा पुढं करून उभे राहायचे.

फौजेची त्यांना हौस नव्हती, हे आधी सांगतो. नाहीतर लोक म्हणतील म्हातारपणी चाळे. त्यांचं म्हणणं असं की जवानाचं काम आणि मेंढरामागच्या माणसाचं काम एकच आहे. चालायचं, थांबायचं, पहारा द्यायचा, भिजायचं आणि वाळायचं. "सरकारनं येवढी डोकी लावून जवानासाठी जिन्नस बनिवला," ते म्हणायचे, "त्यो इचार आपल्याला फुकट हाय, इवाई. पैसे निस्ते कापडाचे द्यायचे."

ही सगळी खरेदी मी आज आठवतोय त्याला कारण आहे. गेल्या पावसाळ्यात इवाई ओढा उतरताना पडले. मोडलं काही नाही, पण गुडघे जे धरले ते सुटले नाहीत. मेंढरं पुढं गेली, हे मागं चिखलात बसून राहिले, आणि त्यांना उठवायला कुणीतरी रस्त्यानं जाणारा माणूस यावा लागला. जावई त्या दिवशीपासून घाबरले. दिवाळीच्या आधी ते पोखर्णीला माझ्याकडं आले, जेवले, आणि हात वाळायच्या आत म्हणाले, "मामा, आप्पाला तुमी सांगा. मेंढरं काढून टाकायची म्हणावं. आमचं कुणाचं ऐकत न्हाईत. तुमचा शब्द मोडायचे न्हाईत ते."

आमच्यात हे असंच आहे. लेकाचं नाही ऐकलं तरी चालतं, बायकोचं नाही ऐकलं तरी चालतं, पण इवायानं चार माणसांत शब्द टाकला तर तो मोडता येत नाही. मोडला तर लेकीच्या संसाराला त्याचा ओरखडा बसतो. म्हणून तर इवाई इवायाला सहसा काही सांगतच नाही. पण मी म्हटलं, सांगतो. मी एकदा सांगतो म्हटलं की सांगतो, माझा स्वभावच तसा आहे. मेंढरं गेल्यावर इवायांनी दिवसभर करायचं काय, हे जावयांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पण ज्याला सांगायचं तो माणूस कसा आहे हे आधी कळलं पाहिजे, म्हणून त्यांच्या खरेदीचंच सांगतो.

त्यांचा पहिला नेम, पायापासून वर. आधी पाय, मग पोटऱ्या, मग मांड्या, मग कंबर आणि डोकं सगळ्यात शेवटी. एका वर्षाला एक जिन्नस, आणि खालचा जिन्नस पक्का झाल्याशिवाय वर चढायचं नाही. आजकालची पोरं आधी गॉगल घेतात, मग फौजी टोपी घेतात, आणि पायात फाटकी चप्पल. अशा एका पोराला बाजारात धरून त्यांनी सांगितलं होतं, "बाबा, काटा टोपीत मोडत न्हाई." पोरगं हसलं आणि गेलं. इवाई त्याच्या पायाकडं बघत राहिले. म्हणाले, "येडंय. पाय चांगले हायत पण त्याचे."

दुसरा नेम, बूट सकाळी घ्यायचा नाही. सकाळचा पाय खोटा असतो म्हणायचे, रात्रभर झोपून आटलेला. दिवसभर चालून फुगलेला पाय घेऊन बाजाराला जायचं, आणि लोकरीचे जाड मोजे सोबत न्यायचे, म्हणजे बूट पुढं चावत नाही. त्यासाठी ते गावातून ताडकळसच्या बाजाराला जीप सोडून पायी जायचे, आणि एकदा मलाही पायीच नेलं. मी म्हटलं, "मला तर बूट घ्यायचा न्हाई." तर म्हणाले, "भाव करताना तुमचा बी पाय खरा पायजे." ह्याचा अर्थ मला आजवर लागला नाही, पण मी चाललो. मागं पडलो असं कुणी म्हणायला नको.

तिसरा नेम, बाजार उठताना घ्यायचं. दुपारी नुसतं बघून यायचं, हात लावायचा, खाली ठेवायचं, वळून बघायचं नाही. ऊन कललं, ताडपत्र्या झटकायला सुरुवात झाली की मग जायचं. "गठुडं बांधायची दोरी हातात आली की दुकानदार खरं बोलतो," हा त्यांचा तजुर्बा.

त्या बाजारात ताडपत्रीवर जुने-नवे फौजी बूट मांडून बसणारा एक दुकानदार होता. त्याचं नशीब असं की इवायांनी पहिली खरेदी त्याच्याकडं ठरवली. इवायांनी बूट उचलला, वास घेतला, शिलाईवरून नख फिरवलं, आणि पटक्याच्या घडीतून बाभळीचा चांगला बोटाएवढा काटा काढून तळव्यावर ठेवून अंगठ्यानं दाबला.

"आवो बाबा," दुकानदार उठलाच, "भोकं पाडायलात का मालाला?"

"भोक पडलं तर घेणार न्हाई."

"आन न पडलं तर?"

"न पडलं तर इचार करीन."

"म्हंजी भोक पडलं तर माल माझा, आन न पडलं तर इचार तुमचा?"

"बूट तुमचा हाय," इवाई शांतपणे म्हणाले, "तुमाला त्याचा भरोसा न्हाई, मंग मला कसा येईल?"

त्या दिवशी त्यांनी बूट घेतला नाही. पुढच्या बाजाराला पुन्हा काटा. त्याच्या पुढच्या बाजाराला पुन्हा. दुकानदार त्यांना लांबून बघितलं की माल झाकायचा. पण काटा काही तळव्यात गेला नाही हे आजूबाजूच्या लोकांनी बघितलं, दोनचार गिऱ्हाइकं त्यावरूनच आली, आणि एका बाजाराला आम्ही गेलो तर दुकानदार स्वतःच बाभळीची फांदी घेऊन बसलेला. लोकांना काटा टोचून दाखवत होता. इवायांना बघून त्यानं जोडी बाजूला काढली आणि म्हणाला, "न्या बाबा. तुमीच म्हणाल त्यो भाव." इवायांनी योग्य तो भाव म्हटला. कमी म्हटला नाही. "त्याची बी लेकरं हायत," मला परतताना म्हणाले. "सस्त्यात घेणं येगळं आन लुबाडणं येगळं."

आता नवा जिन्नस घेतला म्हणजे माणूस दुसऱ्या दिवशी घालतो. इवायांनीही पहिल्यांदा तेच केलं. बुटानंतरच्या वर्षी त्यांनी ठिपक्याठिपक्यांची मिलिटरी पँट घेतली आणि सकाळी ती चढवून मेंढरं सोडायला गेले. मेंढरू कपडे बघत नाही, वास घेतं. नव्या कापडाचा, गोदामाचा, डांबरगोळ्यांचा असा काही वास त्या पँटीला होता की कळप एकदम फुटला आणि शेजाऱ्याच्या हरभऱ्यात जाऊन उभा राहिला. त्यांचं कुत्रं तर रोज त्यांच्या पायाशी झोपणारं. ते आधी भुंकलं, मग लांबून गोल फिरलं, आणि मग त्यानं पँटीची पोटरी धरली. इवाई म्हणत होते, "आरं मी हाय, मी हाय," पण कुत्र्यानं माणसाच्या शब्दावर भरोसा कामून ठेवावा. शेजारी हरभऱ्यासाठी भांडायला आला तो हे बघून बांधावरच बसला आणि हसून हसून भांडण विसरून गेला.

तेव्हापासून इवायांकडं नवा जिन्नस आला की आठवडाभर तो मेंढरांच्या वाड्यात मेढीला टांगून ठेवायचा. मेंढरं त्याला अंग घासायची, कोकरं त्याखाली झोपायची, त्यावर काय काय व्हायचं ते लिहीत नाही. मग एक दिवस इवाई तो काढून नाकाशी न्यायचे आणि म्हणायचे, "आता आपलं झालं." आमच्या विहीणबाई म्हणायच्या, "आमच्या घरात नवं सामान लय येतंय, पण नव्याचा वास कधी आला न्हाई."

त्या ठिपक्यांच्या पँटीनं आणखी एक पराक्रम केला. विहीणबाई दुपारी भाकरी घेऊन रानात गेल्या. तूर छातीएवढी झालेली. इवाई तुरीच्या कडंला उभे होते, आणि त्यांना वाटलं, बघू तरी कापड काम करतंय का. म्हणून हलले नाहीत. बाई हाका मारत अगदी जवळून गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. पटका त्यांनी काढून खिशात घातला होता, बंडीवरून घोंगडी ओढली होती, म्हणजे किती तयारीनं लपले होते बघा. शेवटी बाई कंटाळून बांधावर टेकल्या, "कुठं उलथलंय कुणाला ठावं," म्हणाल्या, आणि भाकरी कुत्र्याला घालून घरी गेल्या. इवाई दिवसभर उपाशी. संध्याकाळी घरी आले ते चिडून नाही, खूश होऊन. "पैसे वसूल झाले," म्हणाले. "बायकूला सापडलो न्हाई म्हंजी कुणाला सापडत न्हाई." त्या रात्री विहीणबाईंनी त्यांना भाकरी वाढली नाही, असं माझी लेक सांगते. पण विचार करणारा माणूस, दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले की मेंढरांच्या माणसाला लपून काय करायचं, मेंढराला मालक दिसला पाहिजे. आणि ठिपक्यांचे वरचे पैसे घेतात ते वेगळेच. तिथून पुढं त्यांनी साधा मातकट रंग धरला. कापड तेच, शिलाई तीच, भाव कमी, आणि पोलिसही थांबवून विचारत नाहीत.

काय घ्यायचं नाही ह्यातही त्यांची अक्कल चालायची. एकानं त्यांना घडीचा चाकू दाखवला, त्यात पाती, करवत, कात्री, बाटली उघडायचा आकडा, सगळं. इवायांनी एकेक पातं उघडून बघितलं, बंद केलं आणि परत दिलं. "ह्यातलं मला एक पातं लागतंय," म्हणाले, "ते माझ्या इळ्याला हाय." दुसऱ्यानं दिशा दाखवायचं यंत्र दाखवलं. ते त्यांनी तळहातावर धरलं, सुई थरथरताना बघितली. "भित्रं दिसतंय," म्हणून खाली ठेवलं. बॅटरी मात्र त्यांनी घेतली, डोक्याला बांधायची, म्हणजे दोन्ही हात कोकराला मोकळे. पण ती घेताना दुकानदाराला सांगून, त्याच्या परवानगीनं, छातीएवढ्या उंचीवरून फरशीवर पाडून घेतली. पडून पेटली ती घेतली. न पेटलेली बाजूला ठेवली, तिचे पैसे देतो म्हणाले. दुकानदार म्हणाला, राहू द्या.

माझ्या धाकट्याच्या लग्नातलं तर सांगायलाच पाहिजे. मांडवात सगळ्या सोयऱ्यांना टॉवेल-टोपीचा आहेर चालला होता. इवायांचा आहेर माझ्या हातात आला तो जड लागला. टॉवेल उलगडला तर आत फौजी पट्टा, चार बोटं रुंद, पितळी बकलाचा. चार माणसं बघत होती. माझं तोंड उतरलं. मी मानाचा माणूस, मला टोपी नाही आणि पट्टा. मी रागानं जेवायला बसलो नाही. इवाई माझ्या शेजारी येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "इवाई, टोप्या तुमच्या घरात पोतंभर असतील. पण चालताना तुमचं धोतर सुटतंय. तुमी एका हातानं धरून चालता. मी लय दिवसांपासून बघायलोय." माझं धोतर सुटतं हे माझ्या घरात कुणाला माहीत नव्हतं. मी उठलो आणि जेवलो.

तर अशा माणसाला मला सांगायचं होतं की मेंढरं विका.

दिवाळी झाल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. काय बोलायचं ते जीपमध्ये मनात नीट लावून घेतलं होतं. पाहतो तर इवाई अंगणात बूट बांधून तयार. मला बघून म्हणाले, "बरं झालं आलात. परभणीला जायचंय. तुमी सोबत असले की बरं."

"काय घ्यायचंय?"

"गुडघ्याला बांधायचं येतंय. रबराचं. फौजी लोक गुडघ्यावर बसून निशाणा धरतात ना, त्यांचं. भरतीच्या पोराकडं बघितलं मी. खालून वर सगळं झालं, निस्ता गुडघा राहिला. त्यो झाला की मंग मला कशाची फिकीर न्हाई. आणखी धा साल मेंढरं."

ओसरीत जावई उभे होते. ते माझ्याकडं बघत होते. मी म्हटलं, चला. जीपमध्ये सांगू.

जीपमध्ये इवाई मला सांगत राहिले की यंदा मेंढरं आधी माझ्या रानात बसवायची. उन्हाळ्यात पेरणीच्या आधी कळप रात्री रानात बसवला की लेंडीमुताचं खत मिळतं, हे आमचं दर वर्षाचं. "पोखर्णीच्या वरल्या तुकड्यात बसवू," म्हणाले, "तिथली माती भुकेली दिसायली." मी हाव म्हणत राहिलो. परभणी आली तरी माझ्या तोंडातलं तोंडातच.

स्टँडच्या अलीकडं फौजी सामानाचं एक दुकान आहे, भरतीची पोरं तिथंच जातात. दुकानदाराला सगळे मामू म्हणतात, वयानं आमच्याहून बराच लहान. त्यानं गुडघ्याचे पॅड काढून ठेवले. काळे, वाटीसारखे, आत मऊ, मागं दोन पट्टे. इवायांनी वास घेतला. पट्टा ओढला. टाक्यावरून नख फिरवलं. रबर वाकवून सोडलं, ते परत जागेवर आलं. मामू हसून म्हणाला, "चाचा, माल कच्चा असता तर तुमच्यासमोर काढला असता का?" तिथं दोन भरतीची पोरं टोप्या बघत उभी होती, ती पण ह्यांच्याकडं बघायला लागली.

इवायांनी दोन्ही गुडघ्यांना पॅड बांधले. काठी दाराजवळ टेकवली. आणि एक हात काउंटरवर ठेवून आधी उजवा गुडघा टेकला, मग डावा. फरशीवर ताठ बसले. तोंडावर असं समाधान आलं, जसं ते कोकरू पहिल्यांदा प्यायलं की येतं.

"वा," म्हणाले. "गादी हाय. काही टोचत न्हाई."

"आता उठून बघा चाचा," मामू म्हणाला.

इवायांनी हात काउंटरकडं नेला. जोर केला. उठले नाहीत. हात खाली आणला, फरशी चाचपली, जसं काही फरशीच बघायची होती. पुन्हा जोर केला. मानेच्या शिरा मला दिसल्या. मग ते म्हणाले, "जरा बसून बघतो. जिन्नस बसल्यावर कळतोय."

मामूला वाटलं, बघायलेत. पोरांनाही तेच वाटलं. मला कळलं. मी त्यांना ओढ्यात बघितलं नव्हतं, पण ते तिथं कसे बसले असतील ते मला त्या दुकानात दिसलं. मी हात दिला असता तर उठले असते. पण दोन परक्या पोरांसमोर, दुकानदारासमोर, इवायानं इवायाला फरशीवरून ओढून उठवायचं? त्यांनी जन्मात कुणाला हात मागितला नव्हता. आणि न द्यावा तर ते तिथंच. पोरांपैकी एकजण हसल्यासारखा झाला.

मी म्हटलं, "मामू, एक जोडी मला बी द्या."

"तुमाला कशाला, इवाई?" इवाई खालून म्हणाले.

"तुमचं बघून वाटलं."

मी धोतर वर घेतलं, पॅड बांधले. मामूनंच बांधून दिले. आणि काउंटरला धरून त्यांच्या शेजारी गुडघे टेकले. टेकताना माझं एक हाड असं वाजलं की पोरांनी वळून बघितलं. आता दोघं शेजारी शेजारी, कपाटभर बुटांकडं तोंड करून, जसे काही देवाला बसलो आहोत.

"कसं हाय?" इवायांनी विचारलं.

"मऊ हाय."

"रबर चांगलंय."

"हाव. चांगलंय."

मी हळूच उठायचा प्रयत्न केला आणि मला कळलं की मलाही उठता येत नाही. हे मी ठरवून केलं नव्हतं. मला वाटलं होतं मी उठेन आणि सहज त्यांनाही सोबत घेईन. इवायांनी माझ्याकडं तिरकं बघितलं. त्यांना कळलं. तिथंच बसून त्यांच्या मिशीत हसू आलं.

"उठा इवाई," ते म्हणाले. "तुमी आधी."

"न्हाई, तुमी आधी. तुमी वयानं मोठे."

"मान तुमचा. लेक तुमची आमच्या घरात हाय."

"लेक दिली म्हंजी आमी खालीच. तुमी उठा."

"तुमी उठल्याबिगर मी कसा उठू? बरं दिसतंय का?"

पंगतीत पहिला घास कुणी घ्यायचा ह्यावर आमच्यात जेवढा वेळ जातो तेवढा वेळ त्या दुकानात उठण्यावर गेला. भरतीची पोरं टोप्या हातात धरून ऐकत राहिली. शेवटी मामू काउंटरच्या मागून बाहेर आला. त्यानं काही विचारलं नाही. "दोघांचा बी मान राहू द्या चाचा, दोघं संगंच उठा," म्हणाला, एक हात त्यांच्या काखेत घातला, एक माझ्या, आणि दोघांना एकदम उभं केलं.

इवाई उभे राहिले, पटका नीट केला. खाली वाकून पॅड सोडायचं काम मामूनंच केलं. इवायांनी ते हातात घेतले, पट्ट्यांची घडी घातली आणि काउंटरवर ठेवले.

"जिन्नस लय चांगला हाय," म्हणाले. "शिलाई दुहेरी. रबर खरं. पण मला घ्यायचा न्हाई."

"भाव कमी करतो, चाचा."

"भावाचं न्हाई बाबा. गुडघा टेकायला त्याचा उपेग हाय. टेकायची मला तकलीफ न्हाई." आणि मग काठी घेऊन, दाराशी वळून, "पोरांना दाखव. चांगला माल हाय."

बाहेर आम्ही चहाच्या गाड्यावर बसलो. मी बशीत ओतून घेतला, त्यांनी कपातच ठेवला. ते बुटाच्या नाड्यांकडं बघत होते. मग म्हणाले, "तुमाला पोरानं धाडलं ना?"

मी म्हटलं, "हाव."

"मंग सांगा की. मी ऐकायलोय."

जीपमध्ये लावून ठेवलेलं सगळं होतं, शब्दाला शब्द. मी तोंड उघडलं आणि त्यातलं एकही आलं नाही. मी काही बोलायला घाबरणारा माणूस नाही, गावात कुणालाही विचारा. पण तिथं मी हातातली बशी नुसतीच खाली ठेवली.

"ऱ्हाऊ द्या," इवाई म्हणाले. "सांगितलं असं धरू. म्होरं कुणी इचारलं, मेंढरं कामून काढली, तर मी म्हणंन, इवायानं शब्द टाकला, मोडता आला न्हाई. चालंल का तुमाला?"

"चालंल."

"लोक तुमाला बोलतील."

"बोलू द्या."

"ही बी बोलंल. तुमची लेक बी बोलंल."

"मी काय कुणाच्या बोलण्यावर जगायलोय का," मी म्हटलं. तेव्हा त्यांनी चहा घेतला. गार झालेला होता, तरी सगळा घेतला.

मेंढरं बोरीकडच्या एका माणसाला गेली. चांगला माणूस बघून दिली, आधी त्याच्या पायातलं बघून मग बोलले. ज्या दिवशी कळप निघाला त्या दिवशी इवाई त्याच्यासोबत शिवारापर्यंत चालत गेले आणि एकटे परत आले. विहीणबाई माझ्याशी पुढं बरेच दिवस बोलल्या नाहीत. माझी लेक माहेराला आली ती दारातच म्हणाली, "आबा, तुमी कामून सांगितलं हो? त्ये दिसभर अंगणात बसून ऱ्हायलेत." मी म्हटलं, मला वाटलं म्हणून सांगितलं. जावई तेवढे पाया पडले. ते मला गोड लागलं नाही.

आता इवाई शनिवारी कधीमधी पोखर्णीला येतात, नरसिंहाचं दर्शन घेतात आणि माझ्याकडं मुक्कामाला राहतात. गावातली माणसं जमली की कुणी ना कुणी विचारतंच, मेंढरं कामून काढली. इवाई माझ्याकडं बोट करतात. "ह्यांचा शब्द. काय करावं?" माणसं माझ्याकडं अशी बघतात की जसा मी कुणाच्या ताटातली भाकरी उचलली आहे. मी बघून घेतो.

यंदा माझ्या वरल्या तुकड्यात मेंढरं बसली नाहीत. परवा आम्ही दोघं तिथं बांधावर टाकलेल्या बाजेवर बसलो होतो, तिसरं कुणी नव्हतं. इवाई मातीकडं बघत होते. खाली हात नेऊन त्यांनी एक ढेकूळ उचललं, फोडलं, वास घेतला आणि टाकून दिलं. म्हणाले, "यंदा रान भुकेलंच ऱ्हाणार, इवाई."

"हाव," मी म्हटलं.

"तुमच्यापायी गेली मेंढरं."

मी त्यांच्याकडं बघितलं. ते हसत नव्हते, रागावलेलेही नव्हते. वाट बघत होते.

मी म्हटलं, "हाव. माझ्यापायी गेली."

तेव्हा त्यांनी पाण्याचा तांब्या उचलून आधी माझ्या हातात दिला.